टाक्याची पाळी

लेकीच्या वेळी माझं सिझर झालं. आमच्या भागात त्याला शिजर म्हणतात, आणि एकदा शिजर झालेली बाई जन्मभर शिजरवालीच राहते. बाळ आडवं होतं, दुसरा इलाज नव्हता. ओटीपोटावर आडवा टाका पडला, दहा दिवसांत सुकला, आणि मी तो विसरूनही गेले. दोन वर्षांनी त्या टाक्याच्या डाव्या टोकाला बोटाशी काहीतरी टणक लागलं. चिंचोक्याएवढं. आंघोळ करताना साबण त्यावरून गेला की कळायचं, नाहीतर दिसतही नव्हतं.

मी आशा कार्यकर्ती. घरोघर जाऊन कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या लेकराचा डोस राहिलाय, कुणाला ताप आहे, हे बघणं माझं काम. गाव वडशाजवळचं, वैनगंगेच्या अलीकडे. सासरची माणसं तलावात मासे धरतात आणि थोडं धान लावतात. नवरा वडशाला राईस मिलवर जातो. माझं माहेर घुग्घुसचं. वडील कोळशाच्या खाणीत शिफ्टला जायचे. माहेरी पाळी आली की देवाच्या फोटोजवळ जायचं नाही, एवढाच नियम होता. सासरी पाच दिवस बाहेर बसावं लागायचं. बाहेर म्हणजे मागच्या पडवीत. वेगळी चटई, वेगळं ताट, पाण्याचा वेगळा गुंड. सहाव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, अंथरूण-पांघरूण धुवायचं, की घरात.

खोटं कशाला बोलू, मला ते पाच दिवस आवडायचे. चूल नाही, पाणी भरणं नाही. सासू ताट लांबूनच सरकवायची, पण भाजी गरम असायची. महिन्यातून एकदा गावातल्या बायका-पोरी जमवून, तक्ता लावून मीच सांगायची की पाळीत विटाळबिटाळ काही नसतो, ते शरीराचं काम आहे. आणि त्याच आठवड्यात घरी येऊन पडवीत चटई टाकायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला त्याची लाज वाटायची नाही, कारण आराम मिळायचा. त्या आरामानंच माझा घात केला, ते पुढे कळलं.

गाठ आधी नुसती लागायची, मग दुखायला लागली. पाळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सुरुवात व्हायची. आत चिमट्यात धरून कुणी पिळतंय असं. दुसऱ्या दिवशी चिंचोक्याचं बोर व्हायचं, वरची कातडी ताणायची, परकराची नाडी तिथं सहन व्हायची नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरायचं. मग महिनाभर काही नाही. माणसाचं कसं असतं, दुखणं गेलं की ते होतं हेच आपण विसरतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच आलं की मी नव्यानं घाबरायची.

कारणं सगळ्यांकडे तयार होती. सासू म्हणाली, "बाळंतपनात थंड पानी पेलीस, टाक्याले वारा लागला." शेजारची म्हणाली, वांगी लवकर खाल्ली. नवऱ्याचा अंदाज, "धागा राह्यला असन आत." मला मात्र एकच भीती होती, ती मी कुणाला सांगितली नाही. माझ्या एका मावशीच्या पोटात गाठ निघाली होती, आणि ती वर्षाच्या आत गेली.

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सगळं उघडं पडलं. धानाच्या रोवण्याला विटाळ चालतो. बाहेर बसलेली बाई चुलीजवळ नको, पण बांधीत चिखलात उतरायला चालते, असा सोयीचा धर्म आहे आमच्याकडे. मी रांगेत वाकले, चार मुठी रोवल्या, आणि पाचवीला माझ्या पोटातून अशी कळ गेली की मी चिखलातच गुडघ्यावर आले. रांग पुढे गेली. एक जण मागे न बघता म्हणाली, "शिजरवाली हाये बाप्पा, नाजूक काम." बाकीच्या हसल्या. मी उठून बांधावर जाऊन बसले. त्या दिवसापासून मी कामचुकार ठरले. सासू तोंडानं काही बोलायची नाही, पण पडवीत ताट सरकवताना आता ते जरा जास्त जोरात सरकायचं.

दवाखान्यात गेले नाही असं नाही. तीन ठिकाणी गेले. पण प्रत्येक वेळी कधी गेले? सहाव्या दिवशी. डोक्यावरून पाणी घेतल्यावर. दवाखाना म्हणजे मोटरसायकलवर मागं बसणं, बसमध्ये चार जणांना शिवणं, वरून परका माणूस पोटाला हात लावणार. "पाच दिवस होऊ दे, मंग जाऊ," असं सासू म्हणायची, नवरा म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर मीही म्हणायची. तीन वर्षांत एकाही डॉक्टरनं ती गाठ सुजलेली पाहिली नाही. त्यांच्या हाताला लागायचा तो चिंचोका.

पहिला डॉक्टर तरुण होता, बाहेरच्या राज्यातून आलेला, मराठी नुकताच शिकत होता. बिचारा मन लावून ऐकायचा. त्यानं विचारलं, कधी दुखतं? नवरा बाजूला उभा. मी गावभर बायकांना पाळीची तारीख विचारत फिरणारी, रजिस्टरमध्ये रकाना भरणारी, पण नवऱ्यासमोर परक्या पुरुषाला तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मी म्हणाले, "बाहेर बसली की दुखते." त्यानं मान हलवून लिहून घेतलं. धागा असावा म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं मला उभं करून खोकायला लावलं, हर्निया नाही म्हणाला. त्याच्याकडेही मी तेच बोलले. सोनोग्राफी झाली, त्यात लहानशी गाठ, बहुधा चरबीची, असं आलं. तिसऱ्यानं कागद चाळले आणि म्हणाला, "फार मनावर घेऊ नका. कामात राहा."

कामात राहा! पायाला भिंगरी लावून फिरणाऱ्या बाईला हे सांगायचं. मला इतका राग आला की बसमध्ये मी नवऱ्याशी बोलले नाही. त्याचाही काय दोष, तो रिपोर्ट हातात धरून म्हणत होता, "सगळं नॉर्मल हाये ना वं, मंग तू काऊन एवढी घाबरून राह्यली?" तो रिपोर्ट घरात माझ्या विरुद्धचा साक्षीदार झाला. दुखलं म्हटलं की कुणीतरी त्याची आठवण करून द्यायचं. हळूहळू मलाच वाटू लागलं, आपणच तर वाढवून सांगत नाही ना. पाच दिवस बसायला मिळावं म्हणून माझं मनच हे करत नसेल कशावरून? आरामाची गोडी तर मला होतीच.

मग एकदा पाळीच्या दुसऱ्या दिवशी लेक पडवीत आली. ती चार-पाच वर्षांची, तिला कुठला विटाळ. धावत येऊन माझ्या मांडीवर उडी मारली, आणि तिची टाच नेमकी त्या जागी बसली. मी तिच्या गालात मारली. विचार करून नाही, हात आपोआप गेला. लेक रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, मग उठून घरात आजीकडे गेली. मी पोटावर उशी दाबून बसले आणि स्वतःची मला फार किळस आली. त्या दिवशी ठरवलं, आता गडचिरोलीला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. मावशीसारखं काही असेल तर तेही कळू दे.

आणि गेले कधी? अर्थातच सहाव्या दिवशी. केस ओले, वेणी घट्ट.

तिथं एक डॉक्टरीणबाई होती, पन्नाशीची, बोलायला रोखठोक. तिनं आधीचे कागद वाचले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बसल्यावर दुखतं असं लिहिलंय इथं. उठल्यावर थांबतं का?"

मला कळेना. "बसल्यावर? मी असं कुठं बोलले?"

"दोन्ही डॉक्टरांनी लिहिलंय. बाहेर बसल्यावर पोटात दुखतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि हसू फुटलं, त्याच्या मागोमाग रडू. तो बाहेरचा पोरगा डॉक्टर! त्याला वाटलं, ही बाई अंगणात खाली बसते तेव्हा हिचं पोट दुखतं. आणि दुसऱ्यानं माझ्या बोलण्याकडे लक्ष न देता पहिल्याचा कागद बघून तेच उतरवलं. तीन वर्षं माझं दुखणं कागदावर बसून होतं, आणि पाळीचं नाव कुठंच नव्हतं.

"बाई," मी म्हणाले, नवऱ्याकडे न बघता, "बाहेर बसते म्हणजे पाळी येते. पाळीत दुखते. दर पाळीत."

तिनं पेन खाली ठेवलं. "दर महिन्याला? आणि आज कितवा दिवस?"

"आज डोकं धुऊन आले."

"मग आज मला काय दाखवायला आणलंस? माशांचा बाजार उठल्यावर टोपली घेऊन आलीस तू. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दिवशी ये. दुखत असताना ये."

घरी येऊन सांगितलं तर सासूनं कपाळाला हात लावला. "बाहेर बसलेली बाई गडचिरोलीले जाईन? आनं ते डॉक्टरीन पोटाले हात लावन? मंग तिनं आंगधुनं करावं, का तसंच दुसऱ्या पेशंटले शिवावं?"

"तिनंच बोलावलं आहे आई."

"तिले सांग, पाच दिवसानं येतो म्हनून."

"पाच दिवसानं गाठ लपते. तीन वर्षं लपून राहिली."

शेवटी सासूनं जाऊ दिलं. पटलं म्हणून नाही, नवरा माझ्या बाजूनं उभा राहिला म्हणून. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती एक जुनं लुगडं घेऊन बाहेर आली आणि मोटरसायकलच्या मागच्या सीटवर तिनं ते चौघडी करून टाकलं. "यावरच बसजो. बसमंधीबी हेच टाकजो." मी ते लुगडं वडशापर्यंत आणि तिथून बसमध्ये गडचिरोलीपर्यंत अंगाखाली घेऊन गेले. खड्डा आला की पोट दोन्ही हातांनी धरायची. त्या दिवशी पहिल्यांदा मला दुखत होतं आणि मी मनात म्हणत होते, दुखू दे, उतरेपर्यंत थांबू नकोस.

डॉक्टरीणबाईनं बोट ठेवलं आणि मी ओरडले. शेजारच्या खोलीतून नर्स बघायला आली. कातडीवर निळसर झाक होती, ती तिनं नर्सलाही दाखवली. लगेच सोनोग्राफी केली. गाठ मागच्या रिपोर्टपेक्षा दुपटीहून मोठी. मग तिनं मला बसवलं, नवऱ्यालाही आत बोलावलं, आणि कागदावर चित्र काढून सांगितलं. गर्भपिशवीला आतून एक अस्तर असतं. तेच दर महिन्याला सुटतं, त्याचीच पाळी येते. शिजरच्या वेळी पिशवी उघडतात तेव्हा त्या अस्तराचे कण कधी कधी बाहेर टाक्यात येऊन पडतात आणि तिथंच रुजतात. कुणाची चूक असतेच असं नाही. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. "पिशवीला पाळी येते तेव्हा याही गाठीला येते," ती म्हणाली. "फक्त तिथलं रक्त बाहेर जायला वाट नाही. म्हणून फुगतं, म्हणून दुखतं. तुझ्या टाक्याला पाळी येते, असं समज."

"कॅन्सर?" मी विचारलं. तीन वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढला.

"तसं वाटत नाही. काढून तपासायला पाठवू, म्हणजे पक्कं कळेल. पण तुझं दुखणं खरं आहे."

मला हुंदकाच आला. नवरा घाबरून पाणी आणायला धावला. त्याला वाटलं मी ऑपरेशनला घाबरले. मी त्या एका वाक्यासाठी रडत होते. खरं आहे, एवढंच कुणीतरी म्हणावं म्हणून मी तीन वर्षं दारोदार फिरले होते.

घरी सासूनं सगळं ऐकून घेतलं, दोन वेळा. मग बराच विचार करून म्हणाली, "म्हन्जे टाकाबी बाहेर बसते म्हन!" मी हसले तर पोट दुखलं. पण त्या संध्याकाळी ताट तिनं सरकवलं नाही. हातात दिलं. मग आठवण झाल्यासारखी जाऊन हात धुतले.

ऑपरेशन हिवाळ्यात झालं. गाठ आवळ्याएवढी निघाली. तिच्याभोवतीचं थोडं चांगलं मांसही काढावं लागलं, नाहीतर गाठ पुन्हा येते, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. तपासणीत कॅन्सर नव्हता. तीन महिने वजन उचलायला बंदी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या पाळीत मी दिवसभर त्या जागेवर बोट दाबून बघत होते. टाका ओढायचा, पण ती कळ आली नाही. मला वाटलं, संपलं.

मे महिन्यात मी पुन्हा फेरीवर जायला लागले. तेंदूपत्त्याचे दिवस. गावाच्या टोकाला एका घरी गेले, तिथल्या लेकीचा डोस राहिला होता. आई मांडवात बसून पानांचे पुडे बांधत होती. वयानं माझ्यापेक्षा लहान, तिशीही नसेल. मला बघून ती पाणी आणायला उठली, आणि उठताना तिनं डाव्या बाजूला ओटीपोटावर तळहात दाबला. तो हात मी ओळखला. तीन वर्षं मी तसाच धरला होता.

आणि मग मला आठवलं. चार वर्षांपूर्वी, माझी गाठ यायच्याही आधी, ही पोर मला विहिरीवर भेटली होती. तिचंही शिजर होतं. बाई, पाळीत टाका लई ठणकते, असं ती मला म्हणाली होती. सरळ पाळीच म्हणाली होती, माझ्यासारखी लाजली नव्हती. मला पुढं सहा घरं करायची होती. मी म्हणाले होते, "शिजर झालं म्हणजे टाका दुखणारच. सगळ्यांचंच दुखते. बसेल." आणि रजिस्टर काखेत मारून पुढं गेले होते. नंतर माझंच दुखायला लागलं तरी मला तिची आठवण आली नाही. मला कुणी विचारत नाही म्हणून मी जगावर चिडत होते, आणि ही तिथंच होती, गावाच्या टोकाला.

"अजून दुखते का गं तिथं?" मी विचारलं.

"दुखते ना बाई. तुमी म्हनल्या होत्या बसन, नाई बसला. मंग एका दवाखान्यात पिशवी काढून टाकली. आता पाळी नाई. दुखनं हाये."

"पिशवी काढल्यावरही?"

"हो. घरचे म्हनतात, पिशवी गेली तरी हिचे नखरे नाई गेले. कोनाले सांगू? पाळी नाई, तारीख नाई, कधीबी येते, कधीबी जाते."

डॉक्टरीणबाईनं मला समजावलं होतं म्हणून मला कळलं. अंडाशय जागेवर असतील तर पिशवी काढूनही टाक्यातली गाठ जिवंत राहते, महिन्याच्या महिन्याला फुगते. फक्त आता पाळीच नाही, त्यामुळे दुखण्याचा तिच्याशी संबंध लावायला कुणाकडे काही उरत नाही. मी तिला मांडवाच्या आडोशाला नेलं आणि बोटानं चाचपलं. गाठ होती. माझ्यापेक्षा मोठी.

"खरं आहे तुझं," मी म्हणाले. "हे काढता येतं. मी येते तुझ्यासोबत गडचिरोलीला."

मला वाटलं होतं ती रडेल, मी रडले तशी. ती रडली नाही. लुगडं नीट केलं, पुन्हा खाली बसली आणि पानं जुळवायला लागली.

"असा हात तवा लावला असता बाई," ती म्हणाली, अजिबात आवाज न चढवता, "तर पिशवी राह्यली असती माही. मले आनखी एक लेकरू पाहिजे होतं."

जे बोलायचं ते सगळं मी चार वर्षांपूर्वीच विहिरीवर बोलून बसले होते.